लेबनॉनचें तांबडें मद्य : बखर आणि अस्सल कागद

लेबनॉनमध्यें तयार होणाऱ्या द्राक्षमद्याविषयीं विक्रेत्यांनीं छापलेलें एखादें पत्रक उघडावें; बहुधा पहिल्या दोन ओळींतच फिनिशियन लोक भेटतात. पांच हजार वर्षें, क्वचित् सहा हजार वर्षें, अखंड चालत आलेली परंपरा; साऱ्या भूमध्यसमुद्राला मद्य पुरविणारे दर्यावर्दी; बालबेकचें बॅकसमंदिर; आणि मग, जणुं त्या मंदिराच्या गाभाऱ्यांतूनच उचलून आणलेली, ही समोरची साधी, मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या खिशाला परवडणारी तांबड्या मद्याची बाटली.

ज्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाचें संशोधन थोडेंबहुत वाचलें आहे त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाहीं. आमचा बखरकार एखाद्या घराण्याचा वृत्तांत सांगूं लागला कीं ब्रह्मदेवापासून आरंभ करतो, आणि ज्या दोनशें वर्षांविषयीं खरी माहिती हवी असते तेवढ्यांवरून मात्र एका उडींत पार होतो. राजवाडे व त्यांच्या पिढीचे संशोधक यांनीं आपणांस शिकविलें तें हें कीं, बखर टाकून देऊं नये, परंतु अस्सल कागदांशीं ताडून पाहिल्यावांचून तिच्यावर विसंबूंही नये. हाच न्याय या बाटलीला लावला तर काय दिसतें तें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. आमचें म्हणणें असें कीं, चिठ्ठीवर आहे ती बखर; अस्सल कागद आंतल्या रसांत आहे, आणि तो महागड्या बाटलीपेक्षां स्वस्त बाटलींतच अधिक स्वच्छ वाचतां येतो.

या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मद्य निषिद्ध आहे याची आम्हांस जाणीव आहे. त्यांस पेला हातीं धरावयास लावण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. कागद वाचावयास शाई प्यावी लागत नाहीं. असो.

प्रथम बखरीची बाजू घेऊं, कारण ती अगदींच पोकळ नाहीं. सिडॉनच्या दक्षिणेस समुद्रकिनाऱ्यालगत तेल एल्-बुराक नांवाचें पांढरीचें टेकाड आहे. तेथील उत्खननांत सांपडलेल्या एका द्राक्षें तुडविण्याच्या हौदाचें सविस्तर वर्णन 2020 साली प्रसिद्ध झालें. हा हौद ख्रिस्तपूर्व सातव्या शतकांतला. त्याला चुन्याचा गिलावा दिलेला असून त्या चुन्यांत फुटक्या भांड्यांचा चुरा मिसळलेला आहे. पाणी झिरपूं नये म्हणून आमच्याकडील जुने गवंडी विटांची सुरकी चुन्यांत घालीत, तशांतलाच हा प्रकार. रस सांठविण्याच्या कुंडांत सुमारें 4,500 लिटर मावत असे. हें एका कुटुंबाच्या पिण्यापुरतें काम नव्हे. हा व्यापार होता. त्याचा दुसरा पुरावा समुद्राच्या तळाशीं मिळाला. 1999 साली बॅलर्ड व स्टेगर या अमेरिकन संशोधकांनीं ॲश्केलॉनच्या समोर खोल पाण्यांत बुडालेलीं दोन फिनिशियन गलबतें तपासलीं. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकांतील या गलबतांत मद्याच्या शेंकडों घागरी रचलेल्या होत्या आणि आंतून त्यांना राळेचा लेप होता. फिनिशियनांची वसाहत जें कार्थेज, तेथील मागो नामक ग्रंथकाराचा कृषिविषयक ग्रंथ इतका मोलाचा गणला गेला कीं, ख्रिस्तपूर्व 146 मध्यें कार्थेज धुळीस मिळविल्यावर रोमच्या सिनेटनें तो लॅटिनमध्यें उतरविण्याचा हुकूम केला. शत्रूचें शहर जाळावें आणि त्याचा द्राक्षशेतीवरील ग्रंथ मात्र जपावा, यांत रोमन लोकांचा सारा स्वभाव आला.

लेबनॉनच्या द्राक्षारसाची कीर्ति बायबलांतील होशेयाच्या पुस्तकांतही आढळते. मराठी पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस ‘लबानोन’ हें नांव परिचित असेलच. खुद्द आमच्या देशाशीं या किनाऱ्याचा दूरचा संबंध येतो. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोचला उतरणाऱ्या मालांत इटलीच्या मद्याबरोबर लाओडिसियाच्या मद्याचाही निर्देश आहे. हें लाओडिसिया म्हणजे लेबनॉनच्या उत्तरेस सिरियाच्या किनाऱ्यावर असलेलें हल्लींचें लताकिया. भडोचच्या बंदराशीं पैठण व तेर यांचा व्यापार चाले, आणि आमच्या नेवाशाच्या उत्खननांत भूमध्यसागरी घागरींचे तुकडे निघाले आहेत. त्या घागरींत नेमकें काय होतें याचा तर्क आम्ही करीत नाहीं.

बालबेकचें मंदिर ख्रिस्तोत्तर दुसऱ्या शतकांतलें. तें बॅकसचें होतें असें जें मानतात तें मुख्यतः तेथील कोरीव कामावरून: द्वारशाखेवर द्राक्षवेल चढलेला आहे, आणि मद्यदेवतेच्या उत्सवाचे प्रसंग खोदलेले आहेत. एवढें भव्य, एवढें सुरक्षित राहिलेलें रोमन देऊळ दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल. लेबनॉनच्या मद्यविक्रेत्यांना त्याचा अभिमान वाटला तर नवल नाहीं.

परंतु येथेंच बखर उडी मारते. सातव्या शतकांत अरबांचें राज्य झालें. 1516 मध्यें तुर्कांचें आलें तें 1918 पर्यंत टिकलें. या साडेबाराशें वर्षांत द्राक्षवेल नाहींसा झाला असें नव्हे. डोंगराळ भागांतील ख्रिस्ती मठांत उपासनेपुरतें मद्य होतच होतें, आणि तेवढी मोकळीक राज्यकर्त्यांनींही ठेविली होती. पण खेड्यापाड्यांतील द्राक्षांचा मुख्य उपयोग निराळाच झाला. कांहीं द्राक्षें ताजीं खाल्लीं जात, कांहींचे मनुके होत, कांहींचा रस आटवून ‘दिब्स’ म्हणजे द्राक्षांची काकवी करीत, आणि उरलेल्यांचा बडीशेपेसारखें बीं घालून अरक काढीत. पाणी घातल्याबरोबर दुधासारखा पांढरा होणारा हा अरक आजही तेथील खरें राष्ट्रीय पेय आहे. आमच्या भाषेंतील ‘अर्क काढणें’ यांतला अर्क त्याच अरबी शब्दापासून आलेला. मूळ अर्थ घाम. भट्टीच्या तोटीला सुटणारे थेंब ज्यानें पाहिले असतील त्याला या शब्दाचें स्वारस्य सांगावयास नको. अरकासाठीं वापरतात तीं ओबैदेह व मेरवाह या जातींचीं द्राक्षें पांढरीं आहेत व तीं त्याच भूमींतलीं म्हणून समजलीं जातात. म्हणजे प्राचीन वारशाचा दावा कोणी सांगावयाचाच तर तो अरकानें सांगावा, तांबड्या मद्यानें नव्हे.

तांबड्या मद्याची जन्मपत्रिका 1857 सालची आहे. लेबनॉन पर्वत व प्रतिलेबनॉन पर्वत या दोन रांगांच्या मध्यें समुद्रसपाटीपासून सुमारें 1,000 मीटर उंचीवर बेकाचें लांबट खोरें पसरलें आहे. त्यांतील झाहले गांवाजवळ क्सारा येथें त्या वर्षीं जेसुइट पाद्र्यांनीं जमीन संपादन केली. हे फ्रेंच पाद्री. त्यांच्या संघाचीं कामें अल्जीरियांतही चालत. अल्जीरिया 1830 पासून फ्रान्सच्या ताब्यांत होता, आणि तेथील फ्रेंच वसाहतवाल्यांनीं दक्षिण फ्रान्समधील वेल नेऊन लावले होते. तेथून या पाद्र्यांनीं ‘सँसो’ या जातीच्या काड्या बेकाच्या खोऱ्यांत आणल्या. लेबनॉनमध्यें पूर्वीं होत असे तें मद्य गोड व दाट असे. कोरडें, जेवणाबरोबर घ्यावयाचें फ्रेंच धर्तीचें तांबडें मद्य क्सारापासून सुरू झालें, असें मानतात.

सँसोच कां, याला कारण आहे. ही जात उन्हाला व अवर्षणाला दाद देत नाहीं. बेकाच्या खोऱ्यांत उन्हाळ्याचे महिने जवळ जवळ कोरडे जातात. हिवाळ्यांतला पाऊस व डोंगरावरचें बर्फ यांनीं जमिनींत जी ओल मुरते तिच्यावर वेल जगतो. सँसोला मांडव लागत नाहीं. खुरट्या झुडुपासारखा तो आपल्याच पायांवर उभा राहतो. पीक भरघोस येतें. द्राक्ष मोठें, रसाळ. सालीचा तुरटपणा कमी. थोडक्यांत, गरीब शेतकऱ्याला व काटकसरी मठाला पाहिजे तसाच हा वेल होता. दुसऱ्या जातींना ज्या श्रीमंती सोई लागतात त्या यानें कधीं मागितल्या नाहींत.

पुढचा इतिहास रस्त्यांचा व पलटणींचा आहे. बैरूतहून दमास्कसला जाणारा गाडीरस्ता एका फ्रेंच कंपनीनें 1860 च्या सुमारास बांधला. त्या कामाच्या निमित्तानें आलेले फ्रांस्वा-यूजेन ब्रून हे गृहस्थ श्तूरा येथें स्थायिक झाले आणि 1868 मध्यें त्यांनीं मद्यशाळा काढली. तीच आजची दोमेन दे तूरेल. 1895 मध्यें रेल्वे झाली. पहिल्या महायुद्धानंतर 1920 मध्यें फ्रान्सचा अंमल आला आणि त्याबरोबर फ्रेंच सैनिक, कारकून, अंमलदार व त्यांचीं कुटुंबें आलीं. या मंडळींना रोज दोन्ही जेवणांस तांबडें मद्य हवें; तेंही दर बाटलीमागें फ्रान्सहून आणण्याचा खर्च न देतां. क्साराच्या पाद्र्यांना असें गिऱ्हाईक दुसरें कोठें मिळणार? 1930 मध्यें गास्तों होशार यांनीं घझीर येथें शातो मुसारची स्थापना केली ती याच काळांत. स्वातंत्र्य 1943 मध्यें मिळालें आणि शेवटची फ्रेंच पलटण 1946 मध्यें गेली. पण तोंवर बैरूतच्या सुखवस्तु घरांतही तांबड्या मद्याची संवय रुजली होती. तात्पर्य, या मद्याचें मूळ पाहूं गेल्यास तें टायर-सिडॉनच्या गलबतांत सांपडत नाहीं. तें एका पाद्र्याच्या गांठोड्यांत आणि एका परकी पलटणीच्या शिध्यांत सांपडतें.

मग चिठ्ठीवर फिनिशियन कोठून आले? हा केवळ जाहिरातीचा चटकदारपणा असता तर आम्ही त्यावर एवढा कागद खर्च केला नसता. 1919 मध्यें, लेबनॉनचें भवितव्य पॅरिसला ठरत असतांना, बैरूतमध्यें शार्ल कोर्म यांनीं ‘फिनिशियन समीक्षा’ अशा अर्थाच्या नांवाचें एक फ्रेंच नियतकालिक काढलें. कोर्म व त्यांच्या भोंवतालचे लेखक यांचा सिद्धांत असा कीं, लेबनॉनचे लोक मूळचे अरब नव्हेत. ते समुद्राकडे तोंड असलेल्या फिनिशियनांचे वंशज होत. ही विचारसरणी मुख्यतः ख्रिस्ती सुशिक्षितांची होती. तिच्यांतून स्वतंत्र राष्ट्राला एक पूर्वज मिळाला खरा, पण त्याच भूमींत राहणाऱ्या पुष्कळ मुसलमानांना तो आपला वाटला नाहीं. आपणांस अरब जगापासून तोडण्याची ती युक्ति आहे असें त्यांस वाटलें. ‘आपण कोण?’ हा वाद तेथें पुढें शब्दांपुरता राहिला नाहीं. 1975 पासून 1990 पर्यंत जें यादवी युद्ध चाललें त्याचीं कारणें अनेक होतीं, पण त्यांत हा प्रश्नही होता. म्हणून बाटलीवरच्या त्या गलबताकडे आम्ही केवळ शोभेचें चित्र म्हणून पाहूं शकत नाहीं. आमच्याकडील संस्थानिकांच्या वंशावळीही सूर्यचंद्रांपर्यंत जाऊन भिडत. परंतु त्यांपायीं जें होत असे तें बहुधा दरबारांतील मानापमानापुरतें.

आतां प्रत्यक्ष कागद वाचूं. लंडनमध्यें लेबनॉनी दुकानें बरींच आहेत. तेथील मुक्कामांत आमच्या एका आप्तांच्या घरीं निरनिराळ्या वेळीं आम्हीं अशा मध्यम किंमतीच्या बाटल्या चाखून पाहिल्या. त्यासाठीं कांहीं थाट लागत नाहीं. साधा, तोंडाशीं किंचित् निमुळता कांचेचा पेला पुरे. तो तिसरा हिस्सा भरावा, म्हणजे सुगंधाला जागा राहते. एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावें. तांबडें मद्य घरच्या उष्णतेवर घ्यावें हा नियम युरोपांतील थंड घरांसाठीं आहे. आमच्या चैत्रवैशाखांत तो पाळला तर तोंडांत नुसती आग उरते. सँसोचें हलकें मद्य अर्धा तास गार पाण्यांत ठेवून मग उघडलें तर खुलतें. आणि बाटली एकाच बैठकींत संपविण्याची गरज नाहीं; बूच घट्ट लावून थंड जागीं ठेविल्यास दुसऱ्या दिवशींही तें चांगलें लागतें, कधीं कधीं अधिकच.

केफ्राया या मद्यशाळेचें ‘ले ब्रेतेश’ नांवाचें तांबडें मद्य आम्हांस या दृष्टीनें फार बोलकें वाटलें. त्यांत अनेक जातींचें मिश्रण असलें तरी सँसोचा भाग ठळक आहे. रंग गडद नव्हे. जांभळापेक्षां रातांब्याच्या जवळचा. वासाला पिकलेलीं करवंदें व मागून थोडी दालचिनी. जीभ आवळून धरणारा तुरटपणा नाहीं. लेबनॉनी घरांत अशी बाटली एकटी येत नाहीं. तिच्या भोंवतीं लबनेह म्हणजे आपला चक्का, वर ऑलिव्हचें तेल, झातर शिंपडलेली भाकर, कुस्करलेल्या गव्हाचे व मांसाचे किब्बे अशा लहान लहान ताटल्या मांडलेल्या असतात, आणि घास व घोंट आळीपाळीनें चालतात. या आंबट-तेलकट पदार्थांसमोर भारी, लांकडाच्या पिंपांत मुरविलेलें मद्य अडखळतें; हें हलकें मद्य त्यांच्यांत सहज मिसळून जातें. मुसारचें ‘जून’, म्हणजे कोवळें, या नांवाचें मद्यही पिंपांत न ठेवतां बाटलींत भरतात. सँसो, सिरा व काबर्ने यांचें तें मिश्रण किंचित् अधिक तिखट लागतें, पण घराणें तेंच.

आम्ही वर जें म्हणालों त्याचा अर्थ येथें स्पष्ट होईल. महागड्या बाटलींत बोर्दोहून आलेली काबर्ने सोव्हिन्यों असते, फ्रेंच ओकच्या नव्या पिंपाचा वास असतो, आणि बोर्दोसारखें दिसण्याची धडपड असते. तें मद्य वाईट असतें असें नव्हे. मुसारचें मुख्य मद्य तर जगांतील निवडक मद्यांत गणलें जातें, आणि तें ज्यांच्या हातून घडलें ते सर्ज होशार बोर्दोलाच शिकले असूनही बोर्दोची नक्कल करीत बसले नाहींत. परंतु सामान्यतः पिंपाचा खर्च वाचविला म्हणून स्वस्त मद्यावर दुसऱ्या कोणाचें हस्ताक्षर चढत नाहीं. अल्जीरियाचा वेल आणि बेकाचें ऊन एवढाच मजकूर त्यांत राहतो.

अर्थात् प्रत्येक स्वस्त बाटली प्रामाणिक असते असें समजूं नये. क्साराचें सर्वांत लोकप्रिय तांबडें मद्य ‘रेझर्व्ह द्यू कूव्हाँ’, म्हणजे मठाचा राखीव सांठा, या नांवानें विकलें जातें. पण व्हॅटिकनच्या धोरणानुसार जेसुइटांनीं ही मद्यशाळा 1973 मध्यें लेबनॉनी व्यापाऱ्यांना विकली, आणि या मद्यांत हल्लीं सिरा व काबर्नेच्या दोन जाती असतात. मठ गेला, मठाचा वेलही त्या बाटलींत उरला नाहीं, नांव मात्र राहिलें. मद्य चवीला चांगलें आहे. मांसाच्या रश्शाबरोबर तर फारच चांगलें. तेथील भुयारें मात्र खरोखर जुनीं, रोमन काळचीं आहेत. कोंबड्या पळविणाऱ्या कोल्ह्याचा माग काढतांना तीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांपडलीं अशी गोष्ट सांगतात. ती आम्ही बखरीच्या खात्यावर जमा करतों.

सँसोचे दिवस मध्यंतरीं वाईट आले होते. 1990 मध्यें युद्ध थांबलें तेव्हां मद्यशाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढें त्या पन्नासांवर गेल्या, आणि नव्या मालकांना काबर्ने व सिरा यांचा सोस लागला. सँसो म्हणजे हमालांचें मद्य असें होऊन जुने वेल उपटले गेले. अलीकडे वारें फिरलें आहे. तूरेलनें जुन्या वेलांच्या निव्वळ सँसोची बाटली काढली, आणि ज्यांना आपल्या खोऱ्याची स्वतःची चव हवी त्या इतरांनींही तो मार्ग धरला. इकडे 1962 मध्यें अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तेथील द्राक्षमळे झपाट्यानें कमी झाले. जेथून काड्या आल्या तेथेंच त्या वेलाचे दिवस पालटले.

बाटली निवडतांना वाचकांनीं चिठ्ठीवरील गलबताकडे पाहूं नये, सालाकडे पाहावें. सबंध चिठ्ठींत बहुधा तेवढीच अस्सल नोंद असते. मुसारचें 1976 चें तांबडें मद्य कोणालाच मिळणार नाहीं, कारण त्या वर्षीं लढाईमुळें तें झालेंच नाहीं. 1984 साली बेकाच्या खोऱ्यांतून डोंगर ओलांडून घझीरला पोहोंचेपर्यंत चौक्या व गोळीबार यांनीं इतके दिवस लागले कीं द्राक्षें गाडींतच आंबूं लागलीं. 2006 च्या जुलैंत तेहतीस दिवसांचें युद्ध झालें, पण तें द्राक्षतोडीच्या आधीं संपत आलें. 2019 मध्यें बँका बुडाल्या व लेबनॉनी पौंड कोसळला. मग द्राक्ष घरचें असलें तरी बूच, कांच व कागद यांसाठीं डॉलर मोजावे लागले. 2020 च्या 4 ऑगस्टला बैरूतच्या बंदरांत स्फोट होऊन दोनशेंहून अधिक माणसें मेलीं, आणि ज्या धक्क्यावरून हें मद्य परदेशीं जाई तोच उद्ध्वस्त झाला. त्या सालचीं द्राक्षें तेव्हां वेलींवर पिकत होतीं. आणि 2024 च्या सप्टेंबरांत बेकाच्या खोऱ्यावर बाँब पडूं लागले तेव्हां तोडीचा हंगाम चालू होता. त्या वर्षाचा आंकडा असलेली बाटली एखाद्या दुकानाच्या फळीवर दिसली तर तिच्यांतलीं द्राक्षें कोणीतरी त्या हंगामांत उन्हांत वांकून तोडलीं आहेत.